सर्व्हरची वेळ चुकते तेव्हा: सातपूरच्या एका कारखान्यातलं घड्याळ-दुरुस्तीचं काम

१० मार्च २०२५ च्या सोमवारी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातून वेळेच्या तक्रारी एकदमच आल्या. रात्रपाळीत निघालेल्या बिलांवर आदल्या दिवसाची तारीख पडत होती. हजेरीचं यंत्र पुढे होतं. वजनकाट्याच्या पावतीची वेळ गेटवरच्या नोंदीशी जुळत नव्हती. शिवाय वीज जाऊन आली की जुना फाइल सर्व्हर डोमेनमध्ये (एकाच लॉगिन व्यवस्थेखालच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यात) कुणालाच ओळखत नव्हता. प्रत्येक खात्याला वाटत होतं, आपल्याकडचंच घड्याळ बिघडलंय. काम हातात घेतलं तेव्हा धास्ती एकाच गोष्टीची होती: ३१ मार्च तोंडावर आला होता. १ एप्रिलच्या पहाटे निघालेल्या बिलावर ३१ मार्च पडला तर ते बिल मागच्या आर्थिक वर्षात जातं. अशी बिलं नंतर निस्तरणं फार त्रासाचं असतं.

असं काम दुसऱ्या कुणावर आलं तर सुरुवात कुठून करायची ते कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

आधी मोजमाप. चुकलेलं घड्याळ दिसलं की हात शिवशिवतात, पण पूर्ण यादी होईपर्यंत एकही घड्याळ हाताने फिरवायचं नाही. प्रत्येक यंत्रासाठी वहीत रकाने आखायचे: दाखवलेली वेळ, यूटीसी वेळ (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे), टाइमझोन, वेळ कुठून घेतं आणि खऱ्या वेळेपासून फरक. लिनक्सवर ‘टाइमडेटसीटीएल’ ही एकच कमांड स्थानिक वेळ, यूटीसी, हार्डवेअर घड्याळ, टाइमझोन आणि सिंक (बाहेरून वेळ जुळवून घेणं) चालू आहे की नाही हे सगळं सांगते. विंडोजवर ‘डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स’ चालवायचं. उत्तर ‘लोकल सीएमओएस क्लॉक’ आलं तर ते यंत्र कुणालाच वेळ विचारत नाही, स्वतःच्या घड्याळावर चाललंय, असं समजायचं.

यादी झाल्यावर फरकाचा आकडाच बरंचसं निदान करतो. फरक नेमका साडेपाच तास असेल तर टाइमझोनचा घोळ. पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास असा ठरीव फरक असेल तर यादीतला शेजारचा झोन निवडला गेलाय: काठमांडू यूटीसीच्या ५:४५ पुढे, कराची ५:०० पुढे, ढाका ६:०० पुढे. तीन मिनिटं, सात मिनिटं असा बेवारस फरक असेल आणि तो हळूहळू वाढत असेल तर सिंक बंद पडलेलं. तारीख एकदम काही वर्षं मागे गेली तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. आणि घड्याळ दुरुस्त करूनही दर रात्री परत तेवढंच चुकत असेल तर व्हर्च्युअल मशीनचा होस्ट, म्हणजे असे अनेक आभासी कॉम्प्युटर ज्यावर चालतात तो खरा कॉम्प्युटर, त्याला ओढतोय. आमच्याकडे यातलं बहुतेक सगळंच होतं, म्हणून तक्रारी एकमेकींशी जुळत नव्हत्या.

सोपी कामं आधी उरकली. वजनकाट्याचा कॉम्प्युटर पंधरा मिनिटं पुढे होता आणि विंडोजच्या यादीत काठमांडू निवडलेलं होतं. ‘टीझेडयूटिल /एस’ पुढे अवतरणात ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ लिहून कमांड दिली की झालं.

फाइल सर्व्हरला सीआर२०३२ सेल लागतो. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात चांगल्या कंपनीचा सेल पन्नासेक रुपयांत मिळतो. नव्या सेलवर मल्टिमीटर ३ व्होल्टच्या थोडं वर दाखवतो, आमचा जुना २ च्या आसपास आला होता. सेल काढायच्या आधी बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा. सेल निघाला की सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, आणि डिस्क कंट्रोलरचा मोड ‘रेड’वरून (अनेक डिस्क एकत्र चालवायच्या पद्धतीवरून) दुसऱ्याच कशावर गेला तर सर्व्हर चालूच होत नाही. मग सेल बदलायला आलेला माणूस डेटा गेला म्हणून घाबरतो, खरं तर फक्त तो मोड परत लावायचा असतो. अधिक खूण असलेली बाजू वर. चालू केल्यावर आधी बायोसमध्येच तारीख-वेळ भरायची, कारण डोमेनच्या कर्बेरॉस तपासणीत (लॉगिनच्या वेळी ओळख पटवायच्या पद्धतीत) पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. वीज आल्यावर हा सर्व्हर कुणालाच ओळखत नव्हता, त्याचं कारण हेच.

हजेरीच्या यंत्राचा फरक सात मिनिटांचा, म्हणायला किरकोळ. पण पहिली पाळी सातला सुरू होते आणि उशिराच्या नोंदीवर पगार कापला जातो. एका कामगाराने सांगितलं, “साहेब, मी सात वाजायच्या आत गेटात असतो, तरी यंत्र लेट दाखवतं.” त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. यंत्रातल्या साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दहा लाखात वीस भाग धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पन्नासेक सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांच्या वर जाते. म्हणजे हे यंत्र कित्येक महिने कुणी जुळवलेलंच नव्हतं. मनुष्यबळ खात्याकडून लेखी घेऊन त्या काळातल्या, सात मिनिटांच्या आत बसणाऱ्या उशिराच्या नोंदी पुन्हा तपासायला लावल्या आणि कापलेला पगार परत द्यायची शिफारस केली. फरक सेकंदात मोजायचा असला तरी त्याचा भुर्दंड माणसाला बसतो, म्हणून हा भाग वगळायचा नाही. यंत्र मागे घेताना पाळी बदलायची वेळ टाळायची. नाही तर एकाच माणसाचं जाणं त्याच्या येण्याच्या आधी नोंदलं जातं.

आता मुख्य काम: वेळ आणायची कुठून? सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या एनटीपी सर्व्हरशी (एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत), किंवा त्यांच्यापर्यंत माग लागतो अशा सर्व्हरशी जुळवायची आहेत. एनआयसीचे सर्व्हर समय१.एनआयसी.इन आणि समय२.एनआयसी.इन. प्रयोगशाळेचा टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या याच प्रयोगशाळेकडे आहे. प्रत्येक यंत्राला थेट बाहेर पाठवायचं नाही. आत दोन लिनक्स मशीन वेळ-सर्व्हर म्हणून नेमायची, ती बाहेरून वेळ घेतील आणि बाकी सगळे त्यांच्याकडून. आम्ही दोन्हीवर क्रोनी हा एनटीपीचा प्रोग्राम बसवला. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये बाहेरचे चार स्रोत ‘आयबर्स्ट’सह (सुरुवातीला भराभर विचारणा करायच्या पर्यायासह) लिहिले, आतल्या नेटवर्कला परवानगी देणारी ‘अलाऊ’ ओळ टाकली, सुरुवातीचा मोठा फरक एका उडीत भरून काढणारं ‘मेकस्टेप १.० ३’ आणि हार्डवेअर घड्याळ जुळतं ठेवणारं ‘आरटीसीसिंक’ ठेवलं. स्रोत चार अशासाठी, की दोनच असतील आणि त्यांचं जमलं नाही तर खोटं कोण हे ठरवता येत नाही. तीन असले तर एकाला बाजूला काढता येतं, पण मग एक जरी बंद पडला तरी पुन्हा दोनच उरतात.

इथे अडलं ते फायरवॉलवर, म्हणजे आत-बाहेर काय जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेवर. फायरवॉल बाहेरच्या एका कंपनीच्या ताब्यात, त्यांचा विनंतीअर्ज वेगळा, त्यावर कारखान्याच्या व्यवस्थापकांची सही हवी. १२ मार्चला अर्ज गेला. मधे धुळवड. सोमवारी १७ तारखेला उत्तर आलं: पोर्ट १२३ उघडलं. पण स्रोतांची स्थिती दाखवणाऱ्या ‘क्रोनीसी सोर्सेस’ कमांडमध्ये प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्ह आणि ‘रीच’च्या रकान्यात शून्य. डेटा पाठवायच्या दोन पद्धतींपैकी त्यांनी टीसीपी उघडलं होतं आणि एनटीपी दुसरीवर, यूडीपीवर, चालतं. दुरुस्तीचा अर्ज पुन्हा त्याच वाटेने. बुधवारी रंगपंचमी, नाशिकमध्ये त्या दिवशी कामाचा फोन लागत नाही. अखेर गुरुवारी काम झालं. हा वेळ वाचवायचा असेल तर अर्जात ‘यूडीपी १२३, आतून बाहेर, फक्त या दोन आयपीवरून’ असं शब्दशः लिहा आणि ‘एनटीपी चालू करा’ एवढ्यावर सोडू नका. उघडल्यावर ‘रीच’चा आकडा हळूहळू चढतो आणि ३७७ वर थांबतो. तो अष्टमान पद्धतीतला आकडा आहे, शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं असा त्याचा अर्थ. दर ६४ सेकंदांनी एक विचारणा धरली तर तिथे पोचायला साडेआठ मिनिटं लागतात, तेवढा वेळ चहा घ्यावा पण काही बदलू नये. नावापुढे चांदणी आली की तो स्रोत निवडला गेला.

वाट पाहण्याच्या दिवसांत व्हर्च्युअल होस्ट तपासला. तो चार मिनिटं मागे होता, कारण होस्टलाच एनटीपी लावलेलं नव्हतं. आतल्या मशीनची वेळ नीट केली तरी रात्रीचा बॅकअप स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती) घेतो आणि स्नॅपशॉटनंतर आतल्या मशीनमधली साधनं तिला होस्टची वेळ लावतात. नियमित सिंकचा पर्याय बंद असला तरी हे होतं, ते थांबवायच्या सेटिंग वेगळ्या आहेत. चार मिनिटं ही पाचाच्या मर्यादेच्या आत, म्हणून लॉगिन अडत नव्हतं आणि कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी होस्ट, मग त्यातली मशीन. डोमेन कंट्रोलर (डोमेनचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) व्हर्च्युअल असेल तर त्याला होस्टकडून वेळ घेऊच द्यायची नाही. डोमेनमध्ये ‘पीडीसी एम्युलेटर’ ही मुख्य भूमिका ज्या कंट्रोलरकडे आहे तोच वेळेचा मूळ धरला जातो, फक्त त्यालाच ‘मॅन्युअल पीअर लिस्ट’ (वेळ कुणाकडून घ्यायची त्याची यादी) देऊन आतल्या दोन वेळ-सर्व्हरकडे वळवायचं. बाकी डोमेन त्याच्या मागून आपोआप येतं.

बिलांच्या तारखेचं मूळ डिस्पॅचच्या (माल पाठवणाऱ्या खात्याच्या) सर्व्हरवर सापडलं. सर्व्हरचं घड्याळ बरोबर होतं, पण झोन यूटीसी, आणि बिल बनवणारा प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच पण स्वतःच्या फाइलींसह वेगळ्या कप्प्यात. रात्री १२ ते ५:३० या वेळात यूटीसीत आदला दिवस असतो, म्हणून फक्त रात्रपाळीचीच बिलं चुकत होती, दिवसाची तारीख बरोबर येत होती. त्याच सर्व्हरवरचा रात्री २ चा बॅकअप प्रत्यक्षात सकाळी साडेसातला चालायचा. “सकाळी सर्व्हर जड होतो” ही जुनी तक्रार तिथेच उलगडली. ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ दिल्यावर सर्व्हर सुधारतो, पण क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) चालू होतानाचाच झोन धरून बसतो, त्याला रीस्टार्ट लागतो. जावावर चालणाऱ्या प्रोग्रामांचंही तसंच.

कंटेनर घड्याळ सर्व्हरचंच वापरतो, झोन मात्र त्याचा स्वतःचा. आम्ही ‘टीझेड’ या व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता लिहिलं, कंटेनर नव्याने चालवला आणि आत शिरून ‘डेट’ दिलं. वेळ यूटीसीचीच होती आणि ज्या जागी ‘आयएसटी’ दिसायला हवं तिथे ‘एशिया’ असा शब्द आला. हा शब्द दिसला की ओळखायचं: कंटेनर ज्या साच्यावरून बनतो त्या इमेजमध्ये ‘टीझेडडेटा’ हे झोनच्या फाइलींचं पॅकेज नाही. झोनची फाइल सापडत नाही, तेव्हा प्रणाली ‘एशिया/कोलकाता’चा पहिला तुकडा झोनचं नाव म्हणून घेते आणि फरक शून्य धरते. एररचा मेसेज कुठेच येत नाही. पॅकेज घालून इमेज नव्याने बांधली, मग वेळ बरोबर आली.

सगळ्यात अवघड होता डेटाबेस सर्व्हर, कारण तो वरवर बरोबर दिसत होता. भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाने मिनिट जुळायचं. पण ‘टाइमडेटसीटीएल’मध्ये यूटीसी आणि स्थानिक वेळ सारखीच, झोन यूटीसी. म्हणजे पूर्वी कुणीतरी झोन न बदलता घड्याळच साडेपाच तास पुढे ढकललं होतं. दिसणारी वेळ खरी, आतली वेळ १९,८०० सेकंद पुढे. जुनी एनटीपी सेवा या सर्व्हरवर बसवलेली होती, पण चालू केली की लगेच बंद पडायची. १,००० सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की ती काम सोडते आणि लॉगमध्ये सांगते, घड्याळ हाताने बरोबर यूटीसी वेळेला लावा. त्या वाक्यातला ‘यूटीसी’ नजरेतून सुटतो आणि माणूस पुन्हा मनगटावरची वेळ भरतो. शिवाय या सर्व्हरवर ॲडमिनच्या लॉगिनला मोबाइल ॲपमधला ओटीपी जुळत नव्हता, कारण तो कोड दर तीस सेकंदांच्या यूटीसी वेळेवर निघतो. कुणीतरी ओटीपीच बंद करून ठेवला होता. चुकीचं घड्याळ असं सुरक्षेलाही पोखरतं.

इथे नुसती कमांड देऊन चालत नाही. मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसमध्ये ‘डेटटाइम’ प्रकारचा रकाना भरलेली वेळ जशीच्या तशी ठेवतो. ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारचा रकाना ती यूटीसीत साठवतो आणि दाखवताना झोनप्रमाणे बदलतो. या सर्व्हरवर यूटीसीच खोटी असल्याने, घड्याळ आणि झोन दोन्ही बरोबर केले की डेटटाइममधल्या जुन्या नोंदी जागच्या जागी राहणार, पण टाइमस्टॅम्पमधल्या सगळ्या जुन्या नोंदी साडेपाच तास पुढे दिसणार. म्हणून आधी माहिती-स्कीमातून (डेटाबेसच्या स्वतःच्या रचनेच्या नोंदीतून) टाइमस्टॅम्प रकान्यांची यादी काढली. डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर घेऊन तिथे पूर्ण सराव केला.

बंदसाठी उत्पादन, हिशेब आणि मनुष्यबळ या तिघांच्या सह्या लागल्या. रविवार, २३ मार्च, दुपारी ३ नंतरची वेळ मिळाली. क्रम असा ठेवला. डिस्पॅचचा प्रोग्राम, क्रॉन आणि बाहेरून येणारी सगळी कनेक्शन बंद. पूर्ण बॅकअप. मायएसक्यूएल बंद. झोन एशिया/कोलकाता. जुनी एनटीपी सेवा काढून क्रोनी, आतल्या दोन वेळ-सर्व्हरकडे वळवलेलं. ‘क्रोनीसी मेकस्टेप’. ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मध्ये फरक मिलिसेकंदांवर आल्याची खात्री. ‘एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी’ देऊन हार्डवेअर घड्याळातही तीच वेळ, यूटीसीत. मायएसक्यूएलच्या कॉन्फिगमध्ये ‘डीफॉल्ट-टाइम-झोन’ अवतरणात +०५:३० असं आकड्यात.

आकड्यातच का, तर झोन ‘सिस्टिम’वर ठेवला की मायएसक्यूएल झोनचं नाव ‘आयएसटी’ सांगतो, आणि जावाच्या प्रोग्रामांना डेटाबेसशी जोडणाऱ्या काही कनेक्टरना ते संदिग्ध वाटून ते कनेक्शन नाकारतात. आयर्लंड आणि इस्रायलही तीच अक्षरं वापरतात. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तर मूळ सेटिंगमध्ये ‘आयएसटी’ म्हणजे इस्रायल धरतो. आपल्याकडे उन्हाळी वेळ नसल्यामुळे ठरीव आकडा लिहिला तर बिघडत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, घड्याळं तासभर पुढे होती, पण त्या काळातल्या नोंदी कारखान्याच्या डेटाबेसमध्ये असण्याचा प्रश्नच नाही.

मग जुन्या टाइमस्टॅम्प नोंदींमधून ३३० मिनिटं वजा केली. यात एक खोडा आहे. ज्या रकान्याला ‘ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प’ लावलेलं असतं, तो ओळीला हात लागताच स्वतःच आत्ताची वेळ घेतो, आणि कोणी कधी बदल केला याचा सगळा इतिहास पुसला जातो. त्या रकान्यालाही त्याच अपडेटमध्ये स्पष्ट किंमत द्यायची: स्वतःची जुनी वेळ वजा ३३० मिनिटं. प्रोग्राम चालू करायच्या आधी हे पूर्ण झालंच पाहिजे. नाही तर नव्या नोंदी जुन्यांच्या मागे जाऊन बसतात आणि कुठल्या ओळी सुधारायच्या हे वेगळं करता येत नाही. शेवटी पुन्हा पूर्ण बॅकअप घेतला, कारण घड्याळ मागे आल्यावर बायनरी लॉगमधला (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीतला) साडेपाच तासांचा पट्टा दोनदा येतो आणि वेळ सांगून डेटा परत मिळवणं त्या पट्ट्यापुरतं भरवशाचं राहत नाही. ओटीपी परत चालू केला. तो पहिल्याच कोडला जुळला आणि खूप बरं वाटलं.

आधी निघालेल्या बिलांच्या तारखा डेटाबेसमध्ये बदलल्या नाहीत. गाडीबरोबर गेलेल्या कागदावर एक तारीख आणि सर्व्हरवर दुसरी, असं कधीच होऊ द्यायचं नाही. १२ ते ५:३० मधल्या सगळ्या बिलांची यादी, प्रत्येकाची छापलेली तारीख आणि प्रत्यक्ष वेळ, कारण आणि दुरुस्तीचा दिवस असं पत्र करून हिशेब खात्यामार्फत सीएकडे दिलं. पुढचा निर्णय त्यांचा. अशा पत्रात घड्याळ कधी आणि कितीने हललं ते सेकंदापर्यंत लिहा, लेखापरीक्षक नेमकं तेच विचारतात.

खर्च सांगायचा तर सेल, फायरवॉलवाल्यांचं भेटीचं शुल्क आणि रविवारचा जादा वेळ. जीपीएसवर चालणाऱ्या वेळ-सर्व्हरचं कोटेशन आलं होतं, ते नाकारलं. बिलं, हजेरी आणि लॉग जुळायला मिलिसेकंदांची अचूकता भरपूर होते आणि ती इंटरनेटवरून मिळते.

३१ मार्चच्या रात्री बारानंतर निघालेल्या पहिल्या बिलावर १ एप्रिल आणि नव्या वर्षाची क्रमवारी आली. पहाटे पाचपर्यंतची बिलं एकेक करून तपासली, सगळी बरोबर. आता प्रत्येक सर्व्हरचा फरक दर पाच मिनिटांनी नोंदला जातो. अर्ध्या सेकंदाच्या वर गेला की मेल, एक मिनिटाच्या वर गेला की फोन. कर्बेरॉसची पाच मिनिटांची मर्यादा गाठेपर्यंत थांबलं तर लोक आधीच लॉगिनला अडलेले असतात. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असल्याने वेळ-सर्व्हरचे लॉगही त्यात घेतले. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर तेवढा राहिलाय. त्याच्या फर्मवेअरमध्ये एनटीपीला नाव चालत नाही, फक्त आयपी चालतो, म्हणून आतल्या पहिल्या वेळ-सर्व्हरचा आयपी कायमचा राखून मग तो जोडायचा आहे.